ग्राउंडेड थिअरी : आधारभूत, आधारित की आणखी काही?

प्रश्न : व्यवस्थापनशास्त्रात पीएचडी करते आहे. प्रबंध इंग्रजीत आहे, पण ज्यांच्याशी बोलले त्यांना वाचता यावा म्हणून एक लेख मराठीत लिहिते आहे. विषय : दादरच्या फूल बाजारातली उधारी. पद्धत ग्राउंडेड थिअरी, म्हणजे सिद्धांत आधी न ठरवता मुलाखती-निरीक्षणांतून तो घडवायचा. यासाठी 'आधारभूत सिद्धांत' हा शब्द कुणीतरी सुचवला. खटकतो, पण का ते कळत नाही.

प्रतिसाद १ : 'आधारित सिद्धांत' करा. सोपा आहे.

प्रतिसाद २ : ताई, तुम्हाला खटकलं ते बरोबर आहे. 'आधारभूत' म्हणजे जो स्वतःच आधार झाला आहे तो. किमान आधारभूत किंमत आठवा. इथे नेमकं उलट आहे : आधार तुमच्या मुलाखती, आणि सिद्धांत त्यांच्यावर उभा. 'आधारित'चीही अडचण आहे, त्याच्या आधी 'वर' लागतो. सत्य घटनेवर आधारित, कादंबरीवर आधारित. नुसतं 'आधारित सिद्धांत' वाचलं की मनात येतं, कशावर?

मला तर 'सिद्धांत'सुद्धा जड वाटतो. सिद्ध आणि अंत, म्हणजे वाद मिटल्यावर ठरलेली गोष्ट. बार्नी ग्लेझर आणि आन्सेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांभोवतीचे व्यवहार अभ्यासले आणि १९६७ साली ही पद्धत मांडली, तेव्हा त्यांची टीका नुसत्या पडताळणीवर होती. आधीच ठरलेलं तपासत बसू नका, समोर जे दिसतं त्यातून मांडणी घडवा, असं त्यांचं म्हणणं. त्याला आपल्याकडे 'उपपत्ती' हा चांगला शब्द आहे. 'याची उपपत्ती कशी लावायची?' असं आपण म्हणतोच.

प्रतिसाद ३ : मग 'विदाजन्य उपपत्ती'? विदा म्हणजे डेटा.

प्रतिसाद २ : 'जन्य' म्हटलं की ती आपोआप जन्मते असं वाटतं. ग्लेझर यांना कदाचित चाललं असतं, पण याच पद्धतीच्या नंतरच्या अभ्यासक कॅथी चार्माझ यांचा आक्षेप नेमका इथेच आहे : उपपत्ती सापडत नाही, संशोधक ती रचतो. म्हणून माझं मत 'विदाधिष्ठित उपपत्ती'. 'मूल्याधिष्ठित' सगळ्यांना कळतो, त्याच घडणीचा हा. विदा शब्द नवा वाटला तर पहिल्यांदा 'मुलाखती, नोंदी, निरीक्षणं' असं लिहून टाका.

प्रश्नकर्ती : पटलं. आता कोडिंग, म्हणजे मुलाखतीतल्या वाक्यांना नावं देणं? एक फूलवाले काका म्हणाले, "तो रोज तोंड दाखवतो, त्याला उधार देतो." मी समासात 'विश्वास' लिहिलं.

प्रतिसाद २ : तिथे थांबा! 'विश्वास' हा तुमचा शब्द, 'तोंड दाखवणं' हा काकांचा. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेनिस जिओइया आणि सहकाऱ्यांनी २०१३ च्या लेखात हेच दोन थर वेगळे ठेवायला सांगितलं : आधी सांगणाऱ्याच्या भाषेतल्या कल्पना, मग संशोधकाचे विषय, त्यावर मोठी परिमाणं. तुम्ही पहिला थर पुसून टाकलात तर काकांनी खरं काय सांगितलं ते हरवेल. कदाचित उधारी विश्वासावर नसून हजेरीवर चालत असेल. तसं वाटलं तर फक्त फोनवर माल मागवणाऱ्या मंडपवाल्यांकडे जा. तोंड न दाखवताही उधार मिळतं का, विचारा. पुढचा माणूस असा आतापर्यंतच्या मांडणीवरून निवडायचा, ही सैद्धांतिक नमुना निवड. कोडिंगला 'संकेतन' म्हणा, आणि मेमोला, म्हणजे काम करता करता सुचलेलं स्वतःसाठी लिहून ठेवतो त्याला, 'टिपण'. मेमोसाठी नवा शब्द घडवायची गरज नाही.

प्रश्नकर्ती : आणि सॅच्युरेशन? तीस मुलाखती झाल्या की झालं, असं एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितलं.

प्रतिसाद २ : 'संपृक्तता', म्हणजे आणखी मुलाखती घेऊनही मांडणीत नवं काही न मिळणं. मराठी शाळेत विज्ञान शिकलेल्यांना संपृक्त द्रावण ठाऊक आहे : त्या तापमानाला आणखी साखर घातली तरी विरघळत नाही, तळाशी बसते. चमचे किती झाले हे आधी ठरत नाही, पाणी किती आणि किती गरम त्यावर ते ठरतं. तुमच्याकडे तीस झाल्या असतील, पण मंडपवाला अजून एकही नाही.

प्रश्नकर्ती : उद्या पहाटे साडेचारला बाजारात जाते. 'विश्वास' खोडला आहे.