मदत हवी आहे: रोटाचे थेंब पोट ‘खपवून’ घेतं का?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. लेक 9 आठवड्यांची. पुढच्या बुधवारी 10 आठवड्यांचे डोस आहेत: रोटा (जुलाब करणाऱ्या रोटाविषाणूवरची लस) आणि पोलिओचे थेंब, शिवाय पेंटाची (पाच रोगांवरच्या एकत्र लसीची) सुई.

सुईबद्दल घरात एकमत आहे, वाद थेंबांवरून. सासूबाई म्हणतात, आधी नि नंतर तासभर अंगावर पाजायचं नाही, दुधाने औषध मारलं जातं. दिरांनी कुठेसं वाचलंय की आतड्यातली प्रतिकारशक्ती मुळातच सोशिक. रोजच्या अन्नावर ती उठली तर जगणंच कठीण, म्हणून खपवून घेते. मग थेंबही तसेच खपवून घेत असेल! त्यांचा तोडगा: आधी अँटिबायोटिक देऊन पोट साफ करा. इथे टँकरचं पाणी, घरात कसले कसले जंतू असतील देव जाणे, हे मलाही पटतं. पण एवढ्याशा पोरीला अँटिबायोटिक? आणि तासभर उपाशी ठेवली तर अख्खी सोसायटी गोळा होईल.

कुणाला नीट माहिती आहे का?

प्रतिसाद: मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, डॉक्टर नाही, औषधाचं डॉक्टरांनाच विचारा.

दिरांचं अर्धं बरोबर. अन्न खपवून घ्यायला आतड्यात रेग्युलेटरी टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी, असतात. पण थेंबांतला विषाणू जिवंत असतो, फक्त दुबळा केलेला. तो आतड्याच्या पेशींत शिरून वाढतो, आणि घुसखोरी झाली की शरीर जागं होतं. वरणाचं पाणी असलं काही करत नाही.

तरी आपल्याकडे हे थेंब श्रीमंत देशांपेक्षा कमी लागू पडतात, हे खरं. रोटाव्हॅक या रोटाच्या लसीच्या भारतातल्या चाचणीत पहिल्या वर्षी तीव्र रोटा-जुलाबांपासून संरक्षण 56 टक्क्यांच्या आसपास होतं. आईकडून आलेल्या अँटिबॉडी, आतड्यातले इतर जंतू, तिथली सततची बारीक सूज अशी कारणं सांगतात. दिरांचा तोडगा वेल्लोरला करून झालाय: पोलिओच्या थेंबांआधी बाळांना अझिथ्रोमायसिन दिलं. जंतू कमी झाले, लस काही जास्त लागू पडली नाही. दिल्लीत रोटाच्या डोसाआधी-नंतर अर्धा तास दूध थांबवून पाहिलं, तिथेही फरक नाही. भूक लागली की पाजा.

धागाकर्ती: खूप आभार! दीर गप्प झाले. सासूबाईंना दिल्लीचं सांगितलं, तर म्हणाल्या, “अर्धा तासच ना? मी तासभर म्हणत होते.”