कॉलेजला जाताना कोणता लॅपटॉप घेतला, सोबत काय नेलं? तुमचे अनुभव लिहा

माझ्या भाचीला यंदा पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. घर परभणीला, वडिलांचं किराणा दुकान. बहिणीने लॅपटॉपसाठी ५० हजार रुपये बाजूला काढून ठेवलेत. त्यांच्या घरात याआधी कुणी लॅपटॉप घेतलेला नाही, त्यामुळे रोज संध्याकाळी मला फोन येतो, "ताई, हा बघ ना, हा घेऊ का?" मी बघते, पण माझं कॉलेज १९९८ साली संपलं. तेव्हा आम्ही चपला बाहेर काढून कॉम्प्युटर लॅबमध्ये जायचो आणि एका मशीनवर तिघी बसायचो. त्या जोरावर मी तिला काय सांगणार?

यूट्यूबवर माहिती भरपूर आहे, पण ती बहुतेक आठवडाभर वापरून दिलेली. मला तीन-चार वर्षं वापरलेल्यांचं ऐकायचंय. काय घेतलं, काय पुरलं, कुठे अडलं? लॅपटॉपशिवाय बॅगेत काय टाकलं तेही लिहा. पोरीच्या बापाचे पैसे आहेत, एकदाच खर्च होणार आहेत.

मेकॅनिकल, तिसरं वर्ष, सांगली

मावशी, आधी शाखा कळवा. लॅपटॉपचा निम्मा निर्णय तिथेच होतो.

माझे काका अमेरिकेहून सुट्टीवर येताना माझ्यासाठी मॅकबुक घेऊन आले. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्यूटी न भरता आणता येतो, त्यामुळे विमानतळावर काही अडचण आली नाही. मशीन अप्रतिम. बॅटरी दिवसभर टिकते, पंख्याचा आवाज नाही. पहिलं वर्ष आनंदात गेलं. दुसऱ्या वर्षी सॉलिडवर्क्स हे यंत्रांच्या ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर सुरू झालं आणि कळलं की ते फक्त विंडोजसाठी आहे. ऑटोकॅडची मॅकसाठी वेगळी आवृत्ती मिळते, पण आमच्या सरांच्या शीट सॉलिडवर्क्समध्ये. वर्षभर मी मित्राचा लॅपटॉप मोकळा व्हायची वाट बघत रात्री अकरानंतर ड्रॉइंग केली. काकांनी प्रेमाने आणलेली वस्तू, त्यांना हे अजून सांगितलेलं नाही. चूक माझीच, निघण्याआधी त्यांनी फोनवर "काय आणू?" असं विचारलं होतं.

कॉलेजच्या एखाद्या सिनिअरला गाठून एवढंच विचारा: चार वर्षांत कोणकोणती सॉफ्टवेअर लागतात? ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, दर वर्षी नूतनीकरण करायचं, म्हणजे तो खर्च धरू नका.

एक आई, लातूर

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीपर्यंत काहीही घेऊ नका. आमच्या मुलीला पहिल्या फेरीत सिव्हिल मिळालं, आम्ही उत्साहात दुसऱ्याच दिवशी दुकानात. पुढच्या फेरीत कॉम्प्युटर मिळालं, गावही बदललं. लॅपटॉप चालला तसा, पण नंतर घेतला असता तर वेगळा घेतला असता.

दुसरी गोष्ट मनाला जास्त लागलेली. दुसऱ्या सत्राच्या परीक्षेआधी चार दिवस तिच्या मैत्रिणीच्या हातून चहा सांडला, थेट कीबोर्डवर. मुलीने घाबरून मला फोन लावला, लॅपटॉप चालूच! मीही "आधी पुसून घे" म्हणाले. तसं करायचं नसतं. बटण दाबून धरून तो आधी बंद करायचा, चार्जर काढायचा, पालथा घालून ठेवायचा आणि दुरुस्तीवाल्याने उघडेपर्यंत परत चालू करायचा नाही. आमचा मदरबोर्ड गेला. वर्षाची वॉरंटी होती, पण नेहमीच्या वॉरंटीत पडणं-सांडणं धरत नाहीत. त्यासाठी अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण असतं, ते खरेदीच्या वेळी किंवा नंतर ठरावीक दिवसांतच घेता येतं. दुकानदाराने एका वाक्यात सांगितलं होतं, पण आम्ही पैसे वाचवले. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीसाठी ते घ्याच.

आयटी, नुकताच पास झालोय, कल्याण

मी गेमिंग लॅपटॉप घेतला होता. ग्राफिक्स कार्ड असलेला, वजन अडीच किलोच्या आसपास आणि अडॅप्टर विटेएवढा. दुकानात टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपचं वजन कळत नाही. सकाळी कल्याणहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बॅग पुढे छातीवर घेऊन तासभर उभं राहिल्यावर कळतं. बॅटरी दोन तास, म्हणजे वर्गात जागा प्लगजवळचीच हवी. दुसऱ्या सत्रापासून तो घरीच राहायला लागला. कॉलेजात मी मोबाइलवर नोट्स काढत होतो आणि घरी आल्यावर पुन्हा उतरवून घेत होतो.

आर्किटेक्चरच्या मुलांना इमारतींची चित्रं करणाऱ्या ल्युमिअन सॉफ्टवेअरसाठी ग्राफिक्स कार्ड लागतंच, त्यांचं वेगळं. पण पायथन, जावा, वेबसाठी गरज नाही. दीड किलोच्या आतबाहेरचा, यूएसबी-सीवरून चार्ज होणारा बघा. एकच ६५ वॉटचा चार्जर फोनलाही चालतो.

आणि प्रोसेसरच्या नावातले आकडे नीट वाचा. माझ्या बहिणीला दुकानात रायझन ५ ७५२०यू प्रोसेसरचा लॅपटॉप दाखवला, "सात हजारवाला आहे, नवीन आहे" म्हणून. त्या मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. २ म्हणजे झेन २, ती रचना २०१९ची. ७५३०यू म्हणजे झेन ३. लेबलवर एका आकड्याचा फरक, कामात बराच. आम्ही ७५३०यू घेतला.

हॉस्टेलवाला, विदर्भ

लॅपटॉपवर सगळे लिहितील, मी प्लगवर लिहितो, कारण त्यावर कुणी बोलत नाही.

खोलीत राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात जाणवलं की चार्जिंग चालू असताना मनगट पत्र्याच्या कडेला टेकलं की झिणझिण्या येतात. बारीक, मुंग्या चावल्यासारख्या. चार्जर काढला की बंद. मला वाटलं लॅपटॉपच खराब. गावी नेला तर घरी काहीच नाही! मग हॉस्टेलच्या वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी होल्डरमधल्या बल्बची एक वायर फेजमध्ये आणि दुसरी वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब पेटला नाही. "अर्थिंगच नाही पोरा," म्हणाले. सॉकेटला तीन भोकं होती, पण वरच्याला मागे वायरच जोडलेली नव्हती. चार्जरमधून थोडा करंट अर्थिंगने जायचा असतो, त्याला वाट नसली की तो पत्र्यावर जाणवतो. तीन पिनांना दोन पिनांचा कन्व्हर्टर लावणाऱ्यांचंही हेच होतं.

काकांनी आमच्या मजल्यावरच्या लाइनला अर्थिंग ओढून दिली, झिणझिण्या थांबल्या. हा बल्बचा प्रयोग स्वतः करू नका, वायरमनकडूनच करून घ्या. आणि चांगला, लांब वायरचा स्पाइक गार्ड घरूनच न्या. खोलीत तिघं आणि सॉकेट एक, ही सगळीकडची स्थिती.

बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, अहिल्यानगर जिल्हा

आमचं बजेट १८ हजार होतं. इथे त्या आकड्याचे लोकही वाचत असतील म्हणून लिहिते.

वापरलेला, ऑफिसातून निघालेला लॅपटॉप घेतला. जड पण दणकट, कीबोर्ड आजच्या नव्या मशीनपेक्षा चांगला. फक्त एक गोष्ट तेव्हा माहीत नव्हती. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेल प्रोसेसरची किमान आठवी पिढी लागते. माझा आय५ सातव्या पिढीचा निघाला. दुकानदाराने यातलं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शेवटी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकली. माझं सगळं काम सी, पायथन आणि पोस्टग्रेएसक्यूएलचं, त्यामुळे काहीच अडलं नाही, उलट लॅपटॉप हलका चालतो. बी.कॉम.ला टॅली लागणाऱ्या मैत्रिणीला मात्र हे जमलं नसतं.

जुना घेताना तिथेच बसून एवढं करा: कीबोर्डची प्रत्येक की दाबा, चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवा, स्क्रीन पांढरी करून डाग बघा. आणि बिल घ्याच.

एम.ए. मराठी, कोल्हापूर

आमच्यासारख्यांचा लॅपटॉप म्हणजे वही. स्वस्तातला घेतला, आणि वाचलेल्या पैशांतून मोठा वेगळा कीबोर्ड आणि त्यावर देवनागरी स्टिकर. इनस्क्रिप्ट ही देवनागरी टायपिंगची पद्धत शिकायला मला तीन आठवडे लागले. डाव्या हाताला काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताला व्यंजनं, की दोन्ही हात आलटून पालटून चालतात. ज्यांना शिकायचं नाही त्यांच्यासाठी विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, बाहेरून काही उतरवावं लागत नाही.

कळकळीने सांगते, पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर तशीच दिसणाऱ्या अक्षरांत, लिहा. माझ्या मैत्रिणीने ८० पानं जुन्या कृतिदेव फाँटमध्ये टाइप करून घेतली होती. ती फाइल मार्गदर्शकांच्या मशीनवर उघडली तेव्हा पानभर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. कन्व्हर्टरने बदलली, पण कितीतरी जोडाक्षरं फुटली. ती ओळीन् ओळ हाताने दुरुस्त करताना मी शेजारी बसले होते.

एम.एस., जर्मनी (मूळ सातारा)

बाहेर जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. लॅपटॉप भारतातूनच आणा. इथल्या दुकानात मिळतो तो जर्मन कीबोर्ड, त्यात झेड आणि वायच्या जागा बदललेल्या. ते अंगवळणी पडतं, पण महिरपी आणि चौकटी कंसांसाठी ऑल्ट-जीआर धरून ७, ८, ९, ० दाबावे लागतात. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला ते फार जाचतं.

व्होल्टेजची चिंता नको, चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं बघा. आपली पिन मात्र बसत नाही. कन्व्हर्टर लटकवण्यापेक्षा अडॅप्टरला लागणारी भिंतीकडची वायरच इथे घ्या, ती बहुतेक चार्जरमध्ये निघते. आणि तुमच्या वॉरंटीत आंतरराष्ट्रीय सेवा आहे का, ते निघण्याआधी लेखी विचारा.

धागाकर्ती

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. भाचीला वाचून दाखवतेय, तिने स्पाइक गार्ड आणि अपघाती संरक्षण वहीत लिहून घेतलंय. शाखा ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. तिचा प्रश्न: ८ जीबी रॅम पुरेल का?

ईएनटीसी, शेवटचं वर्ष, पुणे

तुझ्या शाखेला विंडोजच घे. सर्किट आणि चिपच्या प्रोग्रॅमिंगसाठी लागणारी प्रोटियस, काइल दोन्ही तिथेच चालतात. आणि यूएसबीची जुनी, चौकोनी पोर्टं किमान दोन हवीत, कारण प्रयोगाचा अर्डुइनो बोर्ड आणि माउस एकाच वेळी जोडायचा असतो. एक साधा मल्टिमीटरही घे, लॅबमधल्यांची प्रोब कायम तुटलेली असते.

झेरॉक्सच्या दुकानात जर्नलची प्रिंट काढायला वेगळा पेनड्राइव्ह ठेव, त्यात दुसरं काही नको. माझ्या खोलीतल्या मुलाचा प्रोजेक्ट रिपोर्ट तिथूनच आलेल्या व्हायरसने गेला, दुसरी प्रत कुठेही नव्हती.

एक वडील, निवृत्त शिक्षक, नांदेड

बाळ, ८ जीबी सुरुवातीला चालेल, पण वाढवता येणारा घे. हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डावरच जोडलेली असते, ती पुढे बदलता येत नाही. "रिकामा स्लॉट आहे का?" हे दुकानात विचारायचं आणि मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरही बघायचं.

आमच्या लेकीच्या लॅपटॉपला एक स्लॉट रिकामा होता. दुसऱ्या वर्षी मशीन अडखळायला लागलं तेव्हा ती दिवाळीला घरी आली, येताना ८ जीबीची पट्टी घेऊन. मी म्हणालो दुकानात देऊ. ती म्हणाली, "बाबा, व्हिडिओ बघितलाय, मी करते." जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली, लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला. स्क्रू निघाले तसे मी वाटीत जमा करत गेलो, कुठला कुठून निघाला ते कागदावर लिहीत. पट्टी तिरकी घातली, दाबली, दोन्ही बाजूंचे चिमटे टक् करून बसले. पट्टीची खाच जुळते का ते तिने आधी पाहिलं होतं, कारण डीडीआर४ची पट्टी डीडीआर५च्या जागी बसतच नाही. चालू केला तर १६ जीबी.

तो छोटा स्क्रूड्रायव्हर ती सोबत घेऊन गेली. आता मजल्यावरच्या मुलींचे लॅपटॉप तिच्याच खोलीत उघडतात, आणि वाटी तिने आमच्या स्वयंपाकघरातली नेली आहे.