सोसायटीत आधी सोलर, की आधी पंपाची झडती?

झडप:
फोरमच्या शेजारच्या धाग्यावर एकाने ठासून लिहिलंय: "गच्चीवर पॅनेल टाका, कॉमन बिल शून्य. बाकीची काटकसर म्हणजे चिल्लर." या चिल्लरचा हिशोब एकदा होऊनच जाऊ दे.

40 मीटर हेडला, म्हणजे उंचीला, 1,000 लिटर पाणी चढवायला नुसत्या भौतिकशास्त्राने 0.11 युनिट लागतं. पंप, मोटर, पाइप यांचा तोटा धरून 0.2 चालेल. 0.3 च्या वर गेलं की समजा कुठेतरी पाणी मुरतंय. मोजणं सोपं आहे. वरच्या टाकीचे आउटलेट बंद करा, पंप 10 मिनिटं चालवा, पाणी किती चढलं ते पाहून टाकीच्या क्षेत्रफळाने गुणा. तेवढ्या वेळात मीटरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. एका युनिटला किती लुकलुकी हे मीटरवरच छापलेलं असतं. त्या मीटरवर लिफ्ट असेल तर 10 मिनिटं बंद ठेवा, कुणी मरत नाही.

80 फ्लॅट, रोजचं 56,000 लिटर पाणी. 0.36 वरून 0.2 वर आलात की रोज 9 युनिटं वाचतात, म्हणजे सव्वादोन किलोवॅटचं पॅनेल. दुखणं बहुतेक ठिकाणी एकच: 40 मीटरच्या इमारतीला 60 मीटरचा पंप. मोटर ओव्हरलोडवर ट्रिप व्हायला लागली की प्लंबर डिलिव्हरीचा व्हॉल्व अर्धा पिळून ठेवतो. पंप जोर लावतो, व्हॉल्व तो खातो, बिल सगळे भरतात.

उन्हाळी:
तो "एकाने" म्हणजे मीच. 9 युनिटं! 20 किलोवॅट रोज 80 देतं. सूर्यघर योजनेत सोसायटीला कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये सबसिडी आहे, म्हणजे 3,60,000. नव्या पंपाला कोण देतंय? आणि एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, पॅनेलचा ठराव पास होतो. इंपेलरच्या, म्हणजे पंपातल्या चक्राच्या, झिजेवर बोलायला लागा, कोरम घरी निघून जातो.

झडप:
20 किलोवॅटला 200 चौरस मीटर मोकळी गच्ची लागते. टाक्या, लिफ्टरूमची सावली, सोलर वॉटर हीटर वजा करून उरते किती? एका पॅनेलवर सावली पडली की अख्खी स्ट्रिंग, म्हणजे एका तारेत ओवलेली पॅनेलं, लंगडते.

वरचा मजला:
वॉटर हीटर काढून टाका ना मग! बिल्डरने नियमापुरते बसवलेले. खालच्यांना बादलीभर गार पाणी सोडल्याशिवाय गरम येत नाही, शेवटी सगळ्यांच्या बाथरूममध्ये गीझर आहेतच.

कोपनहेगनकर:
काढू नका, लाइन सुधारा. 1 इंची सीपीव्हीसीत, म्हणजे गरम पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपात, मीटरला साधारण 0.43 लिटर पाणी राहतं. 45 मीटर राइझर (उभा पाइप) म्हणजे 19 लिटर, ती तुमची बादली. खालून परतीची लाइन आणि छोटा पंप टाकला की गरम पाणी फिरत राहतं, बादली वाचते. डेन्मार्कमध्ये दोनतृतीयांश घरं डिस्ट्रिक्ट हीटिंगवर, म्हणजे पाइपाने येणाऱ्या सामाईक गरम पाण्यावर, आहेत, तिथेही सगळं लक्ष परतीच्या पाण्यावर. ते पुरेसं थंड होऊन आलं नाही तर बऱ्याच कंपन्या इमारतीकडून जादा पैसे घेतात.

उन्हाळी:
झालं, आलं डेन्मार्क! साहेब, तुमचा परतीचा पंप इथे दिवसरात्र चालतो आणि पाइपावर वेष्टण नसतं. 55 अंशाचं पाणी, बाहेर 22, मीटरला 30 वॅट तोटा. 150 मीटरच्या रिंगला साडेचार किलोवॅट, दिवसाला 108 युनिटं उष्णता. एवढ्यात 2,600 लिटर पाणी 25 वरून 60 वर जातं. हीटर शहराची हवा तापवतोय आणि म्हणे लाइन सुधारा.

कोपनहेगनकर:
आकडे बरोबर, निष्कर्ष उलटा. पाइपावर 19 मिलिमीटर नायट्रिल रबरचं वेष्टण चढवा, तोटा मीटरला 8 वॅटवर येतो. गच्चीवर त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा हवाच, नाहीतर उन्हाने रबर भुगा होतं. पंपाला टायमर, पहाटे 5 ते 9. परतीच्या टोकाला थर्मोस्टॅट: 40 ला सुरू, 45 ला बंद. टाकी मात्र 60 ला ठेवा. कोमट पाण्यात लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू वाढतो.

खजिनदार:
एवढं करूनही लाइन कोमट राहिली तर दोष पाइपचा नाही. कुणीतरी बाथरूममधल्या मिक्सरचे गरम-गार दोन्ही नळ उघडे ठेवून पुढे शॉवरवर बंद करतो, आणि गार पाणी प्रेशरने गरम लाइनमध्ये घुसतं. गच्चीवरचा गरम लाइनचा व्हॉल्व बंद करा, लाइन रिकामी होऊ द्या, मग सर्वांत खालच्या फ्लॅटचा गरम नळ सोडा. पाणी येतच राहिलं तर गुन्हेगार इमारतीतच आहे. उपाय: प्रत्येक फ्लॅटच्या गरम इनलेटला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व. वरच्या मजल्यांवर हे जास्त, असले मिक्सर-शॉवर तिथेच.

वरचा मजला:
आमच्या बाथरूममध्ये डोकावायची गरज नाही. तुम्ही मेंटेनन्स चौरस फुटावर घेता, ते आधी बोला.

खजिनदार:
एनआरव्ही काही शे रुपयांत येतो. चौरस फूट एजीएमला.

उन्हाळी:
बरं बाबा, 9 युनिटं तुमची, मोठं मन करून दिली. ठराव 20 ऐवजी 15 किलोवॅटचा करू. लुकलुकी मोजायला बसणारा स्वयंसेवक झडप यांनीच पुरवावा.

वरचा मजला:
आणि हायड्रोन्यूमॅटिक पंप, तो नळाला प्रेशर देणारा, दर मिनिटाला चालू-बंद होतो, त्याचं काय?

झडप:
प्रेशर टाकीतली हवा गेली. पंप बंद करा, टाकीतलं पाणी सोडून द्या, मग हवा कट-इनपेक्षा (पंप ज्या प्रेशरला सुरू होतो त्यापेक्षा) 0.2 बार कमी भरा. आठवड्यात पुन्हा तेच झालं तर ब्लॅडर (टाकीतला रबरी फुगा) फाटलाय, बदला. पुढचं वेगळ्या धाग्यावर विचारा.