सनद मिळाल्यानंतरची पहिली वर्षे : वकिलांनी आपले अनुभव लिहावेत

विधी पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी कोणती शाखा निवडावी असे विचारतात. सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, हाती आल्यावर न्यायालयात रोज नेमके काय करायचे असते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. म्हणून वकिली करणाऱ्यांनी, आणि ती सोडलेल्यांनीही, आपली सुरुवातीची वर्षे कशी गेली ते येथे लिहावे. पक्षकाराची ओळख पटेल असा तपशील कृपया टाळावा.

सुरुवात मीच करतो. मी दिवाणी बाजूचा. पहिले आठ महिने मी नकलांचे अर्ज दिले, बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) पाहिला, प्रकरणाचा पुकारा झाला की सीनियरांना बोलावून आणले आणि संध्याकाळी डायरीत पुढची तारीख लिहिली. एकदा सरांनी विचारले, ‘‘आज काय झाले?’’ मी म्हणालो, ‘‘तारीख पडली.’’ दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची न्यायालयाची नोंद, वाचायला पाठवले, तेव्हा कळले की आमच्या प्रतिवादीविरुद्ध दावा विनाकैफियत, म्हणजे त्याच्या लेखी उत्तराशिवाय, चालवण्याचा आदेश झाला होता. समन्स बजावल्यापासून कैफियतीसाठी ३० दिवस मिळतात, न्यायालयाने कारणे नोंदवून मुदत वाढवली तर ९०. आमचे तेही उलटले होते आणि मी त्याला नुसती तारीख म्हणत होतो. तो आदेश रद्द करून घेण्यासाठी अर्ज द्यावा लागला आणि खर्चही भरावा लागला. तेव्हापासून तारखेशेजारी ती का पडली हेही मी लिहितो. जेथे सीनियर असे उलट प्रश्न विचारतात तेथे मानधन कमी असले तरी टिकावे, आणि जेथे दोन वर्षांनंतरही केवळ मुदत अर्ज द्यायला पाठवतात ते कार्यालय सोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

धनादेशांची प्रकरणे चालवणारी वकील, ११ वर्षे
माझी चूक एका दिवसाची आहे. धनादेश न वटल्याचा बँकेचा मेमो ५ मार्चला मिळाला होता आणि मी नोटीस ५ एप्रिलला पाठवली. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये, म्हणजे न वटलेल्या धनादेशाच्या गुन्ह्याच्या कलमात, नोटिशीसाठी ३० दिवस आहेत. ‘एक महिना’ हा शब्द फिर्याद दाखल करण्याच्या मुदतीसाठी आहे, आणि मार्च ३१ दिवसांचा असतो. धनादेशाची तीन महिन्यांची वैधता शिल्लक होती म्हणून तो पुन्हा बँकेत भरता आला, नवा मेमो मिळाला आणि प्रकरण वाचले. अशिलाला मी खरे कारण त्याच दिवशी सांगितले. तो आजही माझ्याकडेच येतो, याचे मला अजून नवल वाटते.

कंपनीच्या विधी विभागात
चार वर्षांनी घरची जबाबदारी वाढली आणि मी नोकरी धरली. पूर्णवेळ पगारी नोकरीत वकिली करता येत नाही. बार कौन्सिलला (वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेला) कळवून सनद स्थगित करावी लागते. हे काहींना नोकरी लागल्यावर समजते.

न्यायाधीश परीक्षेची तयारी करणारी
सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निर्णयानंतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पदासाठी तीन वर्षांची वकिली आवश्यक झाली. आधी मला तो निर्णय अन्यायाचा वाटला. मात्र साक्षीदार उलटतपासात कसा चाचपडतो, हे मागच्या बाकावर बसून पाहिल्यावर माझा राग बराच ओसरला. हा काळ बार कौन्सिलकडील तात्पुरत्या नोंदणीपासून मोजला जातो, म्हणून निकाल लागताच नोंदणी करावी. नोंदणी शुल्काविषयी ३० जुलै २०२४ चा निर्णयही वाचावा : सर्वसाधारण उमेदवारांसाठी ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, आणि त्याहून अधिक मागण्याचा राज्य बार कौन्सिलला अधिकार नाही.

फौजदारी, २६ वर्षे
नव्या मुलांना वाटते की आम्हाला सगळे पाठ असते. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हापासून आम्हीही विद्यार्थीच आहोत. पूर्वी ‘४८२’, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम, म्हटले की गुन्हा रद्द करण्याचा अर्ज समजला जाई. आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि रद्द करण्याचा अर्ज ५२८ खाली जातो. गेल्याच महिन्यात माझ्या तोंडून जुना आकडा निघून गेला आणि शेजारी उभ्या असलेल्या ज्युनिअरने हळूच तो दुरुस्त केला. १ जुलै २०२४ आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागू असल्याने जुनी आणि नवी दोन्ही पुस्तके आणखी बरीच वर्षे बॅगेत राहतील.