[शिकार] सॅडल आणली, आता झाडावर चढायचं कशानं?

नमस्कार मंडळी,

(आधी [शिकार] लिहिलंय, ज्यांना नको त्यांनी फिल्टर लावावा. गणपतीच्या वर्गणीच्या धाग्यात यंदा घुसवलेलं नाही.)

सॅडल (कमरेला बांधून झाडावर लटकत बसायचा पट्टा), टेदर (सॅडल खोडाला बांधायचा दोर), प्लॅटफॉर्म (पाय ठेवायची छोटी फळी) घेऊन झालं. चढण्याच्या साधनावर गाडी अडलीय. जागा: दक्षिण मिशिगनमधली सरकारी जमीन, गाडीपासून पाऊण मैल चालत. वजन कपडे-सामानासकट २०५ पौंड. फक्त धनुष्य, तेही १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर एवढंच. उंची १८ फुटांच्या आसपास, आणि झाड दर वेळी वेगळं. चार स्टिक (खोडाला पट्ट्यानं बांधायच्या आखूड शिड्या) घ्याव्यात, की एकाच स्टिकनं चढून दोरावरून उतरावं? व्हिडिओंत प्रत्येकाचं साधन पिसासारखं हलकं असतं, त्यामुळे काही कळेना.

म., ॲन आर्बर

---

उत्तर: [शिकार] सॅडल आणली, आता झाडावर चढायचं कशानं?

म.,

वजन शेवटी बघ. आधी उतरणं बघ. आपल्याकडे हरणासाठी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत मुभा आहे, म्हणजे संध्याकाळी बसलास की खाली यायचं ते काळोखात, बोटं गारठलेली आणि पाय जड झालेले असताना. चढताना माणूस ताजा असतो, जपून असतो. घोळ होतो तो प्लॅटफॉर्मवरून पहिल्या पायरीवर पाय टाकताना.

जे चालणारच नाही ते आधी बाजूला काढू. आट्यांच्या पायऱ्या, भोक पाडून घालायचे बोल्ट, बुटांना बांधायचे लोखंडी काटे: सरकारी जमिनीवर साल भेदून आत जाणारं काहीही बेकायदा. कोकणात माडाला खाचा पाडतात, पण तो माड आपला असतो. आणि प्लॅटफॉर्मवर नाव-पत्ता किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर स्पष्ट वाचता येईल असा घालून घे.

आता स्टिकचा हिशेब. २० इंची स्टिकच्या वरच्या आणि खालच्या पायरीत साधारण १७ इंच असतात. पहिली पायरी जमिनीपासून २० इंचांवर आणि दोन स्टिकांमध्ये १८ इंच ठेवले, तर चौथ्या स्टिकची वरची पायरी १४२ इंचांवर येते. म्हणजे १२ फूटसुद्धा नाही! म्हणून प्रत्येक स्टिकखाली एका पायरीचा एडर, म्हणजे पट्ट्याची पायरी, १८ इंच लोंबता ठेवायचा. मग हीच चौथी स्टिक २१४ इंचांवर जाते, जवळजवळ १८ फूट. चार स्टिक, पट्टे, एडर धरून आठ ते दहा पौंड होतात. पाऊण मैलाला ते जड नाही, फक्त पाठीवर वाजता कामा नये. स्टिकांच्या मध्ये जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे घाल.

बसवताना स्टिक हवी त्यापेक्षा दोन इंच वर धरायची, पट्टा ओढून घट्ट करायचा आणि मग दोन्ही हातांनी खाली दाबायची. दातांनी खोड घट्ट धरल्याचं हाताला कळतं. हे दाबणं राहिलं की वजन एका बाजूला पडताच स्टिक फिरते. पाय नेहमी खोडाला लागून ठेव, पायरीच्या टोकावर नको. नायलॉनचा पट्टा भिजला की ताणतो, म्हणून पाऊस येऊन गेल्यावर उतरताना प्रत्येक स्टिक आधी हातानं हलवून बघ. एडरची तऱ्हा वेगळी: तो लोंबता, त्यामुळे पाय खोडाकडे सरकतो आणि अंग मागे जातं. लाइनमन बेल्ट (चढताना खोडाभोवतून घेऊन सॅडलला अडकवायचा दोर) कमरेला नसेल तर एडर वापरायचाच नाही.

फांदी आडवी आली तर टेदर आधी फांदीच्या वर बांधायचा, भार देऊन बघायचा, आणि मगच बेल्ट सोडून वर घ्यायचा. दोन्ही सुटलेले असा एकही क्षण नको.

झाडं: ॲशवर चढू नकोस, हिरवी दिसली तरी. एमराल्ड ॲश बोररची कीड २००२ मध्ये आपल्याच डेट्रॉईटजवळ सापडली, आणि तिनं पोखरलेलं लाकूड काडीसारखं तुटतं. शॅगबार्क हिकरीची साल सुटी असते, स्टिक सालीसकट खाली येते, वर आवाज. रेड ओक, व्हाइट ओक, शुगर मेपल उत्तम. छातीच्या उंचीला १० ते १८ इंच जाडी बघ. त्याहून जाड खोडाला पट्टा मागून फिरवताना हात पुरत नाहीत.

माझं मत चार स्टिकना.

नाना, लॅन्सिंग

---

उत्तर: उत्तर: [शिकार] सॅडल आणली, आता झाडावर चढायचं कशानं?

नाना, उतरणं आधी बघायचं हे शंभर टक्के मान्य. पण मग त्याच हिशेबानं उत्तर दोर येतं. दोरावरून उतरताना काळोखात पायरी शोधावीच लागत नाही.

म., एका स्टिकची पद्धत अशी. स्टिक छातीच्या उंचीला बांधायची, खाली दोन पायऱ्यांचा एडर. वर चढायचं, टेदर डोक्याच्या वर सरकवायचा, सॅडलमध्ये बसायचं, वाकून स्टिक सोडवायची, पुन्हा छातीशी बांधायची. एका खेपेत चार ते पाच फूट, म्हणजे १८ फुटांना चार खेपा. सामान स्टिक, दोर, उतरण्याचं साधन मिळून चार-पाच पौंड. वाकून स्टिक सोडवताना गुडघे खोडाला टेकलेले ठेव, नाही तर अंग गोल फिरतं आणि स्टिक खोडावर आपटते.

उतरण्याच्या दोराची लांबी मोजून घे. पाय १८ फुटांवर, तर दोर बांधायची जागा २४ फुटांवर. १४ इंच जाडीच्या खोडाला एक वेढा म्हणजे ४४ इंच. झाले २८ फूट. हाताशी थोडा शिल्लक हवा आणि पुढचं झाड जाड निघू शकतं, म्हणून ३५ फूट. दोराच्या एका टोकाला शिवलेला डोळा, त्यात स्क्रूची स्टील लिंक (स्क्रूनं बंद होणारी कडी). दोर खोडाभोवती फिरवून लिंकमधून काढायचा, म्हणजे भार आला की फास आवळतो. लिंकला ३० फुटांची बारीक दोरी बांधून खाली सोडायची. खाली आल्यावर ती ओढली की फास सैल होऊन दोर खाली येतो.

दोराच्या खालच्या टोकाला गाठ हवीच, नाही तर साधन टोकावरून निसटू शकतं. पण जमिनीवर आल्यावर ती गाठ आधी सोडायची आणि मगच बारीक दोरी ओढायची. गाठ राहिली तर ती लिंकमध्ये जाऊन बसते आणि दोर वरच अडकतो. आपल्याकडचे निम्मे 'दोर अडकला'चे प्रकार एवढ्यावरच येतात. बाकीचे निम्मे लिंक बेचक्याच्या वर बसवल्यानं. तिच्याखाली फूट-दीड फूट खोड मोकळं पाहिजे. बारीक दोरी मुख्य दोराला पीळ घालत नाही ना, तेही बसल्या बसल्या बघून घे.

जाडीबद्दल. ८ मिलिमीटरचा दोर खिशात मावतो म्हणून सगळे त्याच्या मागे. पण पेट्झल कंपनीची ग्रिग्री (दोर आपोआप धरणारं उतरण्याचं साधन) ८.५ ते ११ मिलिमीटरसाठी आहे, त्यात ८ चालत नाही. मग इंग्रजी आठच्या (8) आकाराचं साधन आणि सोबत प्रुसिक (दोराभोवती वेढे घालून बांधायची, भार आला की आवळणारी गाठ) लागते, आणि २०५ पौंडांना ८ च्या दोरावर घर्षण कमी पडतं. तू ९ च्या वरचा घे आणि स्वतः धरणारं साधन वापर. वजन पाव पौंडानं वाढेल.

प्रुसिकसाठी डायनीमाची (एका कृत्रिम धाग्याची) दोरी नको. ती गुळगुळीत असते, धरत नाही, आणि १५० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर वितळते. भार असताना गाठ घसरली की तेवढी उष्णता होते. नायलॉनची किंवा उष्णता सोसणाऱ्या अरामिड धाग्याचं आवरण असलेली घे, तीन वेढे, जाडी मुख्य दोराच्या ६० ते ८० टक्के.

बाकीच्या दोन पद्धतींबद्दल थोडक्यात. दोन टेदरांनी चढणं सगळ्यात हलकं, पण दर खेपेला दीड-दोन फूट. नोव्हेंबरमध्ये घाम येतो, बसल्यावर तोच गारठतो, आणि वास वेगळाच. फांदीवरून दोर टाकून चढणं मजेचं, पण दोरी फांदीवरून नेणारी वजनाची पिशवी फेकायचा आवाज आणि पहाटेचा अंधार यात ते जमत नाही. आधी येऊन बारीक दोरी लावून ठेवली असेल तरच. तू झाड रोज बदलणार, म्हणजे बाद.

ताई, ग्रँड रॅपिड्स

---

उत्तर: उत्तर: उत्तर: [शिकार] सॅडल आणली, आता झाडावर चढायचं कशानं?

ताई, गाठीचा मुद्दा लाखाचा. एवढंच म्हणतो: दोर गोठला तर? भिजलेला दोर रात्री उणे तापमानात कडक होतो, साधनातून धक्क्याधक्क्यानं सरकतो आणि प्रुसिक तर कधी धरते, कधी जाम होते. स्टिकला बर्फ लागला तर निदान डोळ्यांना दिसतो.

मधला मार्ग: चढायला स्टिक, उतरायला दोर. खाली येता येता स्टिक वरून एकेक काढत यायचं. पण खालच्या दोन राहू देत, जमिनीवर उतरूनच सोडव. साधन अडलं तर पाय टेकायला काहीतरी हवं.

नाना

---

उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: [शिकार] सॅडल आणली, आता झाडावर चढायचं कशानं?

नाना, ताई, मधला मार्गच धरतो. तीन स्टिक आणि एडर घेतो, १४ फुटांत भागवतो, ९ मिलिमीटरच्या वरचा दोर. शेवटचं एक: टेदर नेमका किती उंच?

म.

---

उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: [शिकार] सॅडल आणली, आता झाडावर चढायचं कशानं?

प्लॅटफॉर्मवर उभं राहिल्यावर कपाळाच्या उंचीला. बसून वाटलं तर चार बोटं वर-खाली. चढताना मात्र तो कधीही कमरेखाली जाऊ द्यायचा नाही, आणि झोल एक वितीहून जास्त नाही. हे दोर ताणत नाहीत, त्यामुळे तीन फुटांची पडझडसुद्धा कंबर आणि पाठीवर एकदम येते.

सराव घरामागच्या झाडावर, प्लॅटफॉर्म गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधून. दहा वेळा उजेडात, मग दहा वेळा अंधारात, हातमोजे घालून. हातमोज्यांत कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या कडीचं) कुलूप फिरलं नाही, तर तो कॅराबिनर आत्ताच बदल.

ताई