मदत हवी आहे: राइट टाकलं की उत्तर बरोबर, काढलं की चूक (फोर्ट्रान ७७)

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. फोर्ट्रान ही प्रोग्रामिंगची जुनी भाषा, पण आमच्याकडे तिचं नाव घेतलं की लोकांना फवारणीचं औषध वाटतं, म्हणून इथे विचारतो.

माझे मामा मृदसंधारणाच्या नोकरीत होते. ऐंशीच्या दशकात त्यांनी जमिनीतल्या ओलाव्याचा प्रोग्राम लिहिला. रोजचा पाऊस, बाष्पीभवन आणि काळ्या मातीची पाणी धरायची ताकद दिली की कपाशीच्या मुळाशी किती मिलिमीटर पाणी उरलं ते सांगतो. अडीच हजार ओळी, सगळं सातव्या रकान्यापासून, कॅपिटलमध्ये. डॉट मॅट्रिक्सवरचे जुने कागद मामांनी जपून ठेवलेत, त्यामुळे खरं उत्तर माहीत आहे.

लिनक्सवर जीफोर्ट्रान या कंपायलरनं ओ-झिरोवर (वेग वाढवायची खटपट न करता) कंपाइल केलं तर उत्तर कागदाशी जुळतं. तिसऱ्या दशांशात थोडा फरक पडतो, तो मी धरत नाही. ओ-टू (कंपायलरनं प्रोग्राम वेगवान करायचा) लावलं की भर जुलैत माती कोरडी ठणठणीत आणि मे महिन्यात ४०० मिलिमीटर पाणी! गंमत म्हणजे ओलाव्याच्या सबरूटीनमध्ये (प्रोग्रामचा वेगळा तुकडा) तपासायला एक राइट (आकडा छापायची ओळ) टाकलं की सगळं सुरळीत. काढलं की परत तेच. डॉक्टर आला की ढोर उठून उभं राहतं, तसलं.

ओ-झिरोवरच का चालवत नाही म्हणाल, तर ३० वर्षांचा रोजचा पाऊस, जमिनीचे १४० गट आणि मातीचे आकडे बदलत हजारो फेऱ्या. तेव्हा तो आमच्याकडच्या जुन्या शकुंतला आगगाडीच्या चालीनं चालतो आणि मध्येच लाइन जाते.

कंपाइल करताना -एसटीडी=लेगसी (जुनी लिखावट चालवून घ्यायला) आणि -डब्ल्यू लावतो. कंपायलरमध्येच बग असेल का?

वावरवाला: भाऊ, कंपायलरला मागाहून शिव्या द्या. ती -डब्ल्यू कशाला लावली? त्यानं सगळ्या वॉर्निंग बंद होतात. ती काढा, ओ-टू ठेवून -वॉल (वॉर्निंग दाखवायला) लावा आणि यादी इथं टाका.

धागाकर्ता: तीनशेच्या वर वॉर्निंग यायच्या म्हणून बंद केल्या होत्या. आता बहुतेक न वापरलेल्या लेबलांच्या आहेत, पण एक अशी: ‘एसएम’ला किंमत मिळण्याआधीच तो वापरला जात असावा. एसएम म्हणजे कालचा ओलावा. सबरूटीनमध्ये डेटा ओळीत आयफर्स्ट १ ठेवलाय. पहिल्या कॉलला एसएममध्ये मातीची पूर्ण क्षमता भरायची, आयफर्स्ट शून्य करायचा, पुढे रोज त्यातून वजाबाकी.

जुना_पंचकार्ड: सापडलं की. डेटा ओळीत किंमत दिलेला आयफर्स्ट दोन कॉलांच्या मध्ये टिकतो. एसएम टिकत नाही, कारण त्याला सेव्ह (किंमत जपून ठेव असं सांगणारी ओळ) नाही. त्या काळचे बरेच कंपायलर सगळे लोकल व्हेरिएबल एकाच कायम जागी ठेवायचे, म्हणून सेव्ह न लिहिताही निभायचं. जीफोर्ट्रान असे साधे आकडे स्टॅकवर, म्हणजे कॉल संपला की मोकळ्या होणाऱ्या जागेत, ठेवतो. ओ-झिरोत योगायोगानं तीच जागा परत मिळते आणि जुना आकडा तिथंच पडलेला असतो. ओ-टूत तो रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या जागेत) जातो, कॉल संपला की गेला. तुमच्या राइटनं फक्त मांडणी बदलली, चूक तिथंच होती.

खात्री करायला एकदा -एफनो-ऑटोमॅटिक (सगळ्यांना सेव्ह दिल्यासारखं) लावून पाहा. जुळलं तर हेच दुखणं. पण तो कायम ठेवू नका, सेव्ह हातानं लिहा. उद्या गट चार कोअरवर एकदम चालवले तर सगळ्या सबरूटीनचे सगळे आकडे एकमेकांत मिसळतील.

एकदा -एफचेक=बाउंड्सही लावा, हद्दीबाहेरची जागा वापरली की तो सांगतो. त्या पिढीला अ‍ॅरे (१), म्हणजे एकाच घराची आकड्यांची रांग, लिहून पुढं हवा तेवढा वापरायची सवय होती.

धागाकर्ता: काका, पाय कुठं आहेत? -एफनो-ऑटोमॅटिकवर जुळलं. मग तो काढून सेव्ह लिहिलं, तरी जुळतंय.

पण बाउंड्सनं दुसरंच उकरलं. मुख्य प्रोग्रामच्या कॉमनमध्ये (सबरूटीनांनी मिळून वापरायची जागा) पाऊस ३६६ दिवसांचा आहे, बेरजेच्या सबरूटीनमध्ये त्याच कॉमनमध्ये शेवटी रेन(१). ओ-टूवर बेरीज सध्या बरोबर येतेय.

जुना_पंचकार्ड: येतेय, पण तिच्या भरवशावर राहू नका. अ‍ॅरे एकाच घराचा असेल तर लूप एकदाच फिरेल, असं गृहीत धरायचा कंपायलरला हक्क आहे. जीसीसी (जीफोर्ट्रान ज्यात येतो तो कंपायलर-संच) ४.८ आला २०१३ मध्ये, तेव्हा असल्याच हिशेबामुळे स्पेक २००६ या चाचणी-संचातला गेमेस बिघडला होता, आणि तो तर रसायनशास्त्रातला नावाजलेला प्रोग्राम. तात्पुरतं -एफअनकन्स्ट्रेंड-कॉमन्स लावा, म्हणजे कॉमनमधली रांग लिहिल्यापेक्षा मोठी असू शकते असं कंपायलर धरतो. खरा इलाज म्हणजे कॉमन एका फाइलीत लिहून ती सगळीकडे इन्क्लूड करणं (तीच फाइल प्रत्येक ठिकाणी जोडणं).

वावरवाला: तिसऱ्या दशांशाचं सांगायचं राहिलं. कागद जुन्या पीसीवरचे असतील तर त्यातली ८०८७ ही गणिताची चिप आतल्या आत ८० बिटांत हिशेब करायची, आताचे ६४ बिटी प्रोग्राम तसं करत नाहीत. तेवढा फरक राहणारच. फक्त दोन रिअल (दशांशाचे) आकडे तंतोतंत सारखे आहेत का असं .ईक्यू.नं तपासून लूप थांबवलाय का, तेवढं पाहून घ्या.

धागाकर्ता: तसा एक आहे, बाष्पीभवनाच्या सबरूटीनमध्ये. तो बदलतो. मामांना फोन केला तर म्हणाले, “आमच्या मशीनवर तर चालत होतं बाप्पा.” कॉमन अकरा सबरूटीनमध्ये आहे आणि वेचणी सुरू झालीय, त्यामुळे इन्क्लूडचं काम दिवाळीनंतर. तोवर -एफअनकन्स्ट्रेंड-कॉमन्स.