कांदा चाळीतील सेन्सर: ब्लूटूथ, झिग्बी की वाय-फाय? आणि तिन्ही एकत्र नांदतील का?

दुपाखी (प्रश्न):
नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची 25 टनांची दुपाखी कांदा चाळ आहे. एप्रिलअखेर उन्हाळ कांदा भरल्यावर चार-पाच महिने आतले तापमान 25 ते 30 अंश आणि आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या आसपास राहिली तर माल टिकतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ढिगाच्या पोटात काय चालले आहे ते वास सुटेपर्यंत कळत नाही. म्हणून गेल्या हंगामात बटण सेलवर चालणारे सहा ब्लूटूथ सेन्सर ढिगात वेगवेगळ्या उंचीवर ठेवले. चाळ रिकामी असताना दारात उभे राहून मोबाइलवर सहाही दिसत होते. माल भरल्यावर चार गायब झाले. घरातील वाय-फाय राउटर चाळीपासून साधारण 60 मीटरवर आहे. आता झिग्बी (सेन्सरसाठीचे कमी विजेवर चालणारे बिनतारी जाळे) घ्यावे, वाय-फायचे सेन्सर घ्यावेत की ब्लूटूथच ठेवून मध्ये काही जोडावे? शिवाय तिन्ही 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात, तर एकमेकांना अडथळा होणार नाही का?

अँटेनावाला:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याची भीती उगाच जास्त बाळगली जाते. वाय-फायचे 1, 6 आणि 11 हे चॅनल प्रत्येकी 20 मेगाहर्ट्झच्या आसपास जागा व्यापतात. झिग्बीचे चॅनल मात्र जेमतेम 2 मेगाहर्ट्झ रुंदीचे असून त्यांचे क्रमांक 11 ते 26 असे आहेत. त्यांपैकी 15, 20, 25 आणि 26 हे वाय-फायच्या त्या तीन पट्ट्यांच्या मधल्या किंवा पलीकडच्या फटीत बसतात. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथने तर आपली ओळख जाहीर करण्यासाठी 2402, 2426 आणि 2480 मेगाहर्ट्झ या तीन जागा मुळातच वाय-फायची गर्दी टाळून निवडलेल्या आहेत. राउटर ‘ऑटो’वर न ठेवता चॅनल 1 वर कायम करावा आणि झिग्बी घेतलेच तर ते 25 वर ठेवावे, एवढ्याने काम भागते. दहा मिनिटांतून एकदा तापमान पाठवणाऱ्या सेन्सरचा एखादा निरोप हुकला तरी काही बिघडत नाही.

वाय-फायचे सेन्सर बटण सेलवर चालवण्याचा विचार सोडून द्यावा. ईएसपी 32 सारखी चिप वाय-फायवर पाठवताना 200 मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह ओढते, आणि बटण सेल तेवढा देऊच शकत नाही.

सोल्डरगन:
वरील माहिती बरोबर आहे, पण दुपाखी यांचे सेन्सर चॅनलच्या भांडणामुळे गायब झालेले नाहीत, ते कांद्यामुळे झाले आहेत. कांद्यात सुमारे 85 टक्के पाणी असते आणि 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात झपाट्याने विरतात. दुसरे असे की, चाळीला वेल्डमेशची जाळी असेल तर इंच-दीड इंचाच्या लोखंडी चौकटी या साडेबारा सेंटिमीटरच्या लहरीला जवळजवळ भिंतीसारख्याच वाटतात. तेव्हा झिग्बी घेतले तरी ढिगाच्या पोटात त्याचीही तीच गत होईल, कारण लहरीची लांबी तीच आणि पाणीही तेच. शिवाय झिग्बीत निरोप पुढे ढकलणारे नोड (मधली उपकरणे) सतत जागे असावे लागतात, म्हणजे त्यांना विजेचा पुरवठा हवा. आपल्याकडे रात्रीच्या लाईटचा काय भरवसा, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून ढिगातला शेवटचा मीटर-दीड मीटर चक्क वायरने जोडावा. डीएस18बी20 या तापमान सेन्सरचे स्टीलच्या टोपणातले जलरोधक रूप सहज मिळते. प्रत्येकाचा 64 बिटांचा स्वतंत्र क्रमांक असल्यामुळे एकाच तीनपदरी वायरवर सहाही जोडता येतात, फक्त डेटा आणि पुरवठा यांच्यामध्ये 4.7 किलो-ओहमचा एक रोध (रेझिस्टर) लावावा लागतो. आर्द्रतेचा सेन्सर ढिगात न पुरता चाळीच्या तळाखालच्या मोकळ्या हवेत टांगावा. बिनतारी भाग जाळीच्या बाहेर, छपराच्या पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बसवावा.

रानवारा:
सोल्डरगन यांच्याशी सहमत आहे, मात्र चाळ ते घर या 60 मीटरसाठी वाय-फायवर विसंबू नये असे मला वाटते. मध्ये ट्रॉली उभी राहिली किंवा मका डोक्यावर गेला की तक्रार सुरू होते. तिथे लोरा (थोडी माहिती लांबवर पाठवणारी बिनतारी पद्धत) वापरावे. भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. लहर लांब असल्यामुळे पिकातून आणि भिंतीतून ती बरी जाते. मॉड्यूल घेताना 868 चे घेऊन वारंवारता 866 च्या आसपास ठेवावी, अमेरिकेसाठी बनलेले 915 चे घेऊ नये. राउटर घरातच राहील आणि तिथला लोरा रिसीव्हर त्याला जोडला जाईल. जवळ उभे राहून पाहण्यासाठी त्याच पेटीतले ब्लूटूथ चालू ठेवता येते.

जाता जाता एक सुचवतो. प्रत्येक कप्प्याच्या दाराला एनएफसीचा एक टॅग चिकटवावा. त्याला सेल लागत नाही, मोबाइल दोन-तीन सेंटिमीटरवर नेला की वाण, भरल्याची तारीख आणि कोणत्या रानातला माल हे लगेच उघडते. मजूर बदलला तरी नोंद हरवत नाही.

दुपाखी:
आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. काल जुनाच एक सेन्सर घेऊन पाहिले. मोकळ्या जाळीच्या आत ठेवल्यावर मोबाइलवर उणे 62 डीबीएम (सिग्नलची ताकद) दिसत होते, आणि त्याच जागी भोवती आठ-दहा गोण्या रचल्यावर ते उणे 88 झाले. म्हणजे फरक 26 डीबीचा, शक्ती सुमारे 400 पटींनी कमी. ब्लूटूथला मी विनाकारण दोष देत होतो. वायर आणि लोरा ठरवले आहे. फक्त उंदरांची काळजी वाटते.

सोल्डरगन:
उंदीर वायर कुरतडणारच. तीनपदरी वायर अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपातून न्यावी, सेन्सरचे टोक तेवढे बोटभर बाहेर ठेवावे आणि पाइपाचे तोंड सिलिकॉनने बंद करावे. सांधे ढिगात कुठेही ठेवू नयेत, सगळे वरच्या पेटीत घ्यावेत.